आपा कधी आल्याच नसत्या तर

अरुंधती मगदूमने संगणकातल्या जुळ्या कंपनीतून सर्वांत आधी काढून टाकलं ते स्वतःलाच. पडद्यावरच्या नावांमधून आपल्या नावापुढची खूण तिने पुसली आणि वर्ष पहिल्यापासून चालू केलं. जुळ्या कंपनीत एप्रिल उजाडला, भट्ट्या पेटल्या, यंत्रं फिरली, माल ट्रकमध्ये चढला आणि समोरचा चहा निवायच्या आत मार्चअखेरचा नफाही आला. खऱ्या नफ्यापेक्षा थोडासा कमी. भरती रखडल्यामुळे एक यंत्र काही दिवस रिकामं राहिलं होतं, पगारात दोनदा घोळ झाला होता. बाकी कंपनी तिच्यावाचून व्यवस्थित चालली होती.

मागे उभे असलेले शिवलिंग कोरे हसले. "वाईट वाटलं?"

"थोडं वाटलं, अण्णा. पण माझी किंमत अगदीच शून्य निघाली नाही म्हणून बरंही वाटलं."

कोरेअण्णा अग्रणी व्हॉल्व्ह्जचे मालक. सांगलीजवळ कुपवाडला त्यांचा कारखाना. पाणी, वाफ आणि रसायनं नेणाऱ्या मोठमोठ्या पाइपांवर बसणारे व्हॉल्व्ह तिथे बनतात. कारखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून अण्णांचा एक नियम होता, दरवर्षीच्या नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांचा. पण तो वाटायचा कसा, हे त्यांना कधीच नीट सुटलं नव्हतं. इतकी वर्षं वाटणी पगाराच्या प्रमाणात होत आली. ज्याचा पगार मोठा, त्याचा वाटा मोठा. "म्हणजे आधीच ज्याला जास्त दिलंय, त्यालाच मी पुन्हा जास्त देतो," अण्णा म्हणायचे. "नफा खरा कुणी आणला, हे मला कुठं ठाऊक आहे?"

ते सांगणारं यंत्र आता मिळालं होतं.

कल्पना तशी जुनी. समजा, एका कार्यक्रमात तिघं आहेत. गायिका, तबलजी आणि पेटीवाला. मिळालेल्या बिदागीत कुणाचा वाटा किती? गायिका एकटी गायली तर काही लोक येतील. तबला जोडला की जास्त येतील. पण तबलजीने आधी एकट्यानेच वाजवायला घेतलं आणि गायिका नंतर आली, तर गर्दी वाढल्याचं श्रेय तिच्याकडे जाईल. म्हणून तिघांना शक्य त्या प्रत्येक क्रमाने आत आणून पाहायचं, प्रत्येकाच्या येण्याने कितीची भर पडते ते मोजायचं आणि त्याची सरासरी काढायची. तो त्याचा न्याय्य वाटा.

तिघांसाठी हे कागदावरही होतं. शेकडो माणसांच्या कारखान्यात क्रमांची संख्या आकाशातल्या ताऱ्यांच्या पुढे जाते, आणि शिवाय माणूस काढून कारखाना चालवून कोण बघणार? इथे जुळी कंपनी कामाला आली. प्रत्येक यंत्रावरचे संवेदक, प्रत्येक कामाची नोंद, प्रत्येक ऑर्डर यांतून अग्रणीची एक हुबेहूब प्रतिकृती संगणकात उभी केली होती. ती अख्खं वर्ष काही क्षणांत जगायची. तिच्यातून माणसं लाखो वेगवेगळ्या क्रमांनी काढून आणि घालून पाहता यायची. कर्मचारी विभागाची प्रमुख म्हणून ते काम अरुंधतीकडे आलं. पुण्याच्या एका संस्थेत ती त्याचं शिक्षणही घेऊन आली.

पहिल्या वर्षीचा निकाल लागला आणि कारखाना चकित झाला. विक्री विभागातले मोठ्या पगाराचे दोघं पार खाली गेले. आणि वर, सगळ्या कंपनीत चौथ्या क्रमांकावर, आला सुदर्शन मगदूम. अरुंधतीचा नवरा.

सुदर्शन यंत्रशाळेत सेटर होता. नव्या आकाराचा व्हॉल्व्ह आला की हत्यार कुठे बांधायचं, किती वेगाने फिरवायचं, धातू तापून किती फुगेल याचा अंदाज घेऊन यंत्र लावून द्यायचं, हे त्याचं काम. ते झालं की इंजिनिअर येऊन अहवालावर सही करायचे. बक्षीस मिळालं तरी त्यांना मिळायचं. निकालाच्या दिवशी कॅन्टीनच्या शेडमध्ये अण्णांनी त्याचं नाव वाचलं, तेव्हा तो जागचा उठेचना. शेजारच्याने त्याला ढकललं. घरी आल्यावर आईच्या पाया पडला आणि मग बराच वेळ गॅलरीत नुसता उभा राहिला. अरुंधतीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. यंत्राने आपल्या घरात काहीतरी फार चांगलं आणलं, असं तिला मनापासून वाटलं.

दुसऱ्या वर्षी मात्र कारखान्यात एक शांतता पसरायला लागली.

आधी ती कुणाच्या ध्यानात आली नाही. भट्टीवरचा जुना कारागीर मिश्रण करताना शिकाऊ पोरांना पाणी आणायला पाठवू लागला. डिझाइन विभागातल्या बाईंनी आपली चित्रं स्वतःच्या संगणकात ठेवायला सुरुवात केली. सुदर्शन यंत्र लावून झालं की पडद्यावरचे आकडे पुसून टाकायचा. पुन्हा तोच माल आला की पुन्हा त्यालाच बोलवावं लागे.

"तुझ्या हाताखाली दोघं होते ना?" एकदा जेवताना अरुंधतीने विचारलं. "त्यांची बदली का मागितलीस?"

"शिकून काय करणार ते? दोन वर्षांनी पुण्याला जाणार."

"आधीचेही जायचे. तरी शिकवायचास."

सुदर्शनने ताटाकडे बघतच भाकरी मोडली. "आधी माझी किंमत मला ठाऊक नव्हती," तो म्हणाला.

अरुंधतीला ते पटलंही होतं. विजयनगरला त्यांनी घरासाठी जागा बघून ठेवली होती, आणि यंदाचा वाटा आला की पहिला हप्ता भरायचा, असं दोघांनी मिळूनच ठरवलं होतं.

त्याच वर्षी रझिया मुजावर मोठ्या रजेवर गेल्या. रझियाआपा म्हणजे तपासणी विभागाच्या प्रमुख. तयार व्हॉल्व्ह तिथे दाबाच्या पाण्याने भरतात आणि कुठून गळतो का, ते बघतात. एक गळका व्हॉल्व्ह बाहेर गेला तर रसायनाच्या कारखान्यात माणसं भाजतात, म्हणून त्या टेबलावरून सुटलं की संपलं. आपा कंपनीत आल्या तेव्हा विभागात त्या एकट्याच बाई होत्या. आता आसपासच्या गावांतल्या कितीतरी मुली तिथे काम करत होत्या आणि त्यातल्या प्रत्येकीला आपांनी स्वतः उभं केलं होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं बाळंतपण हुबळीला होतं. आपा सव्वा महिना गेल्या. निघताना त्यांनी कुणाला सूचना दिल्या नाहीत की फोन नंबर भिंतीवर लावला नाही. तेवढ्या काळात कोचीच्या जहाजबांधणीची मोठी ऑर्डर बाहेर पडली. एकही व्हॉल्व्ह परत आला नाही.

मार्च संपला. अरुंधतीने हिशोब चालवला आणि पडद्याकडे बघतच राहिली.

सुदर्शन सगळ्यात वर होता. आणि सगळ्यात खाली, परवाच लागलेल्या मुलांच्याही खाली, रझियाआपा होत्या.

नक्की काहीतरी चुकलंय, असं तिला वाटलं. रजेचे दिवस दोनदा मोजले गेले असतील म्हणून तिने ते तपासले. नोंदी तपासल्या, पुन्हा चालवून पाहिलं. दर वेळी तेच. मग तिने जुळ्या कंपनीतून फक्त आपांना काढलं आणि तपासणी विभाग सावकाश चालवून बघितला. आपांच्या टेबलाशी दुसरी मुलगी आली. आपा जसा दाब टप्प्याटप्प्याने चढवत तसाच तिने चढवला, जिथे थांबून वाट बघत तिथेच थांबली. ती थकली तेव्हा तिसरी आली. काहीच अडलं नाही.

मग तिला उमगलं. यंत्र चुकलं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच तेवढा होता, ‘आज हा माणूस नसेल तर किती नुकसान होईल?’ ज्याने आपली विद्या मुठीत ठेवली, तो नसेल तर कारखाना अडतो, म्हणून त्याची किंमत वाढते. आणि जिने ओंजळीने वाटली, ती नसली तरी चालतं. जुळी कंपनी एक एप्रिलला सुरू व्हायची ती सगळ्यांची कौशल्यं जशीच्या तशी घेऊन. मुलींच्या हातात जे होतं ते मुलींचं. ते तिथे कुणी ठेवलं, हे यंत्राला विचारलंच नव्हतं.

निकाल जाहीर व्हायच्या आधी आपांना सांगायला हवं, म्हणून ती तपासणी विभागात गेली. आपा एका व्हॉल्व्हवर वाकल्या होत्या. अरुंधतीने कसंबसं सांगितलं.

आपांनी हात पुसले. "म्हणजे मी नसले तरी चालतंय, असं म्हणतंय तुझं यंत्र?"

"हो, आपा."

"मग बरंच झालं की!" त्या मोठ्याने हसल्या. "एवढी वर्षं त्याच्यासाठीच तर खपले. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला ताप आला तरी घरी जाता यायचं नाही. धाकट्याच्या वेळी नववा लागला तरी इथंच उभी. तेव्हाच ठरवलं, या पोरींवर ही वेळ येऊ द्यायची नाही. यंदा नातू हातात घेतला आणि सव्वा महिन्यात एकदा कंपनीची आठवण आली नाही बघ."

"पण तुमचा वाटा..."

"ते मात्र वाईट झालं," आपा सरळ म्हणाल्या. "पैसे नकोत असं मी म्हणणार नाही. नातवाला सोन्याची अंगठी घालायची होती. पण आता काय, मुलींना विसरायला सांगू?"

तिकडून एका मुलीने हाक मारली आणि आपा तिच्याकडे गेल्या. अरुंधती तिथेच उभी राहिली. तिला मनात येत होतं की आपण रोज ज्या बाईंना नमस्कार करून पुढे जातो, त्यांनी किती अवघड गोष्ट करून ठेवली आहे. आपल्यावाचून सगळं चालावं, असं मनापासून वाटणं आणि तसं घडवूनही आणणं.

परत येऊन तिने अण्णांची परवानगी घेतली आणि जुळ्या कंपनीला वेगळा प्रश्न विचारला. ‘आज आपा नसतील तर’ असा नाही, तर ‘आपा कधी आल्याच नसत्या तर.’ त्यासाठी तिने जुळी कंपनी मागे नेली, आपा रुजू झाल्या त्या वर्षापर्यंत. तेव्हापासूनच्या नोंदी कंपनीकडे होत्या, कुणी कुणाबरोबर काम केलं आणि कुणाचा हात कधी सुधारला, सगळं होतं. आपांच्या नावापुढची खूण पुसून तिने वर्षं पुढे सोडली.

सुरुवातीला फरक पडला नाही. मग तपासणीचं टेबल तुंबायला लागलं. नव्या मुली आल्या आणि काही महिन्यांत सोडून गेल्या. वाफेचे व्हॉल्व्ह घेणारं पहिलं मोठं गिऱ्हाईक गळतीच्या तक्रारीनंतर तुटलं. दुसरी शेड उभीच राहिली नाही. नवी यंत्रं आली नाहीत, त्यामुळे यंत्रशाळेत सेटरची जागा निघाली नाही. माणसं थोडी, म्हणून स्वतंत्र कर्मचारी विभागही नाही. अरुंधतीने शेवटच्या वर्षाची नावं उघडली. त्यात सुदर्शन मगदूम नव्हता. अरुंधती मगदूमही नव्हती. ती दोघं याच कारखान्यात भेटली होती.

पत्र्याच्या त्या छोट्या शेडमध्ये अण्णा मात्र होते, अजून कर्ज फेडत.

संध्याकाळी घरी तिने सुदर्शनला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. नवा प्रश्न विचारला तर आपा सगळ्यांच्या वर जातात आणि तो बराच खाली येतो, हेही.

सुदर्शन म्हणाला, "आणि हे तू वाटणीच्या समितीपुढे मांडणार."

"मांडावंच लागेल."

"घराचा हप्ता?"

"मला माहीत आहे, सुदर्शन."

"तुला माहीत नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पंधरा वर्षं मी यंत्रं लावली आणि सही दुसऱ्याने केली. एक वर्ष, फक्त एक वर्ष मला कुणीतरी वर काढलं. आणि मला परत खाली कोण बसवणार, तर माझी बायको."

त्या आठवड्यात तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

समितीची बैठक कॅन्टीनच्या शेडमध्ये झाली. निवडून आलेले प्रतिनिधी पुढे बसले होते, बाकी कारखाना मागे उभा होता. यंत्रशाळेचा प्रतिनिधी सुदर्शनच होता. अरुंधतीने सुरुवातीलाच सांगून टाकलं की जुन्या हिशोबाने तिच्याच घराचा सर्वांत जास्त फायदा आहे. मग दोन्ही निकाल भिंतीवर दाखवले. शेवटी आपांशिवायची ती छोटी शेड दिसली. तपासणीतल्या मुली एकमेकींचे हात धरून बघत होत्या. त्या चित्रात त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

सुदर्शन उभा राहिला.

"आपांबद्दल माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षाच्या सुरुवातीला आम्हाला एक नियम सांगितला. त्या नियमाला धरून आम्ही वर्षभर वागलो. चांगलं वागलो की वाईट, ते सोडा. आता उत्तर आल्यावर तुम्ही प्रश्न बदलताय. उद्या हा प्रश्नही कुणाला पटला नाही तर तोही बदलणार? मग यंत्र कशाला हवं? मालकाच्या मर्जीवरच वाटा की."

मागून काहींनी टाळ्या वाजवल्या. अरुंधतीला कळत होतं, तो पैशासाठी बोलत होता, तरीही बरोबर बोलत होता.

आपा मागून पुढे आल्या. "सुदर्शनदादांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यंदाचं यंदाच्या नियमानं होऊ दे. बोललेला शब्द फिरवू नका. पुढच्या वर्षापासून काय ते बदला."

"आपा, तुम्हाला यंदा काहीच मिळणार नाही," अण्णा म्हणाले.

"अंगठीला उशीर होईल. नातू काय कुठं पळून चाललाय?"

शेडमध्ये हशा पिकला. हात वर झाले, सुदर्शनचा सुद्धा. पुढच्या वर्षापासून यंत्र प्रत्येकाबद्दल दोन्ही प्रश्न विचारणार होतं, आज नसेल तर आणि कधी आलाच नसता तर, आणि वाटा दोन्ही मिळून ठरणार होता.

सुदर्शनला सर्वांत मोठा वाटा मिळाला. त्याने तो घेतला आणि जागेचा हप्ता भरला. पावती अरुंधतीच्या हातात देताना तो म्हणाला, "हक्काचे आहेत." ती म्हणाली, "आहेतच." दोघांमधला ताण त्या दिवशी थोडा सैल झाला.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आपांकडे गेला. आपांनीच नंतर अरुंधतीला हे सांगितलं. म्हणाला, तुमच्यातली एखादी मुलगी यंत्रशाळेत यायला तयार असेल तर पाठवा, मी शिकवतो. वर हेही म्हणाला की खोटं कशाला बोलू, नवीन नियमात शिकवलं तर वाटा वाढतो, म्हणून शिकवणार आहे.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, शिकवा की. का शिकवताय त्यानं पोरीला काय फरक पडतोय?"

आपांनी बेडग गावची स्वरांजली नरुटे पाठवली. पहिले काही महिने वाईट गेले. सुदर्शनला काम यायचं, शिकवायला येत नव्हतं. तो एकदा भरभर सांगायचा आणि दुसऱ्यांदा विचारलं की चिडायचा. स्वरांजली रडत परत गेली. आपांनी तिला पुन्हा पाठवलं आणि सुदर्शनला बोलावून घेतलं. "दादा, तुम्ही तिला उत्तर सांगताय," त्या म्हणाल्या. "तिचा हात आधी चुकू द्या. चुकताना तुमचे हात मागे बांधून उभे राहा. जमेल?" त्याला ते फार जड गेलं. यंत्रापाशी तो खरोखरच हात मागे बांधून उभा असलेला अरुंधतीने खिडकीतून पाहिला.

वर्ष सरलं. हिशोब लागला. निकाल जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी अरुंधती गेटपाशी आली तेव्हा सुदर्शन स्कूटर घेऊन थांबला होता. त्याचा आकडा तिला माहीत होता. मागच्या वर्षीपेक्षा कमी होता. शिकवण्याची फळं इतक्या लवकर हिशोबात येत नाहीत. आपा पहिल्या होत्या. सुदर्शन विचारेल तेव्हा कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करतच ती मागे बसली.

स्कूटर मिरजेच्या रस्त्याला लागली.

"आज काय झालं माहितीय?" तो मान वळवून वाऱ्यावर ओरडला. "तो नवा मोठा व्हॉल्व्ह आला. मी म्हटलं दोन वेळा यंत्रातून सोडवून पकड बदलावी लागेल. स्वरांजली म्हणते, सर, उलटा धरला तर? एकदाच! अगं, एकाच पकडीत झाला! पंधरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही ते!"

"पुढे बघ, ट्रक आहे," अरुंधती म्हणाली.

"बघतोय. उद्या सगळ्या शिफ्टला दाखवायला सांगितलंय तिला. घाबरली. म्हटलं, मी शेजारी उभा राहतो. अण्णांनाही बोलावलंय. तो हात आहे ना तिचा, असा वळतो..." आणि त्याने हँडलवरचा एक हात सोडून हवेत वळवून दाखवला.

ती त्याच्या खांद्याला घट्ट धरून ऐकत राहिली. घर आलं, स्कूटर स्टँडवर लागली, दोघं जिना चढले, त्याने आईला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. अरुंधतीने चहा टाकला. आपला आकडा किती आला, हे त्याने विचारलंच नाही.